स्कूल बोर्डाची निवडणूक आणि सुनंदाच्या चकल्या

निवृत्त झाल्यापासून भारतात आले की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. अमेरिकेतली मुलं खरंच शिक्षकांना उलट बोलतात का, आणि तुम्ही म्हणे तिकडे निवडणुकीला उभ्या होतात, तिचं काय झालं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बोलतात, आणि मला ते आवडायचं, कारण उलट बोलणारं मूल निदान ऐकत तरी असतं. दुसऱ्याचं उत्तर मी आजवर 'पडले' या एका शब्दात देत आले. ते खरं आहे, पण पुरतं नाही. या खेपेला सविस्तर सांगावं म्हणते. दिवाळी अंकाला ते शोभेलही, कारण सगळा घोटाळा दिवाळीनेच केला. गंमत अशी की आमच्या घरी दिवाळी नसते.

आम्ही नागपूरचे, बौद्ध. बाबा कापडाच्या गिरणीत कामाला होते. आमच्या वस्तीत विहार होतं, पौर्णिमा होत्या, पण बाबांचा खरा सण एकच, मतदानाचा दिवस. सकाळी आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून ते लग्नाला निघाल्यासारखे निघायचे आणि रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहायचे. मतदानाच्या आधी उमेदवारांची माणसं वस्तीत ब्लँकेटं वाटून जायची. एका हिवाळ्यात आमच्याही दारात एक ठेवून गेली. बाबांनी ते उचललं, त्या उमेदवाराच्या बंगल्यावर पायी गेले आणि परत देऊन आले. आई पुढे बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही, कारण थंडी कडाक्याची होती आणि आम्ही भावंडं एका गोधडीत झोपायचो. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की वर्षानुवर्षांतून एक दिवस असा येतो की आपण आणि गिरणीचा मालक एका मापाचे असतो, तेवढा एक तरी विकायचा नाही. मला तेव्हा आईचं पटलं होतं.

लग्न करून मी विजयबरोबर कॅलिफोर्नियाला गेले. तिथे पुन्हा परीक्षा दिल्या, शिक्षिकेचा परवाना काढला आणि फ्रीमाँटच्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवायला लागले. राहायचो मात्र शेजारच्या एका लहान गावात. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून दुकानात भेटतात.

आता स्कूल बोर्ड म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिकडे शाळांचा कारभार गाव बघतं, आणि गाव म्हणजे गावाने मतं देऊन निवडलेली पाच माणसं. त्यांना पगार असून नसल्यासारखा, शिक्षणाची अट नाही. आमच्या गावच्या बोर्डावर एक दंतवैद्य होता, एक अग्निशामक दलातला जवान, दोन गृहिणी आणि हार्डवेअरचं दुकान चालवणारे मिस्टर गॉर्डन. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी ही मंडळी शाळेच्या लायब्ररीत एका लांब टेबलामागे बसायची आणि कुठली पुस्तकं घ्यायची, कुणाला नेमायचं, शाळेची बस कुठल्या रस्त्याने न्यायची, हे सगळं लोकांच्या समोर ठरवायची. ठरवण्याआधी समोर बसलेल्यांपैकी कुणालाही मायक्रोफोनपाशी जाऊन तीन मिनिटं बोलता यायचं.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते सहज, बघायला. खिळे विकणारा माणूस सगळ्या शाळांच्या प्रमुखाला, डॉक्टरेट मिळवलेल्या साहेबाला, प्रश्न विचारत होता आणि साहेब खाली मान घालून नीट उत्तर देत होता. मिटिंग संपली, लोक उठले, तरी मी बसून राहिले. शेवटी शिपाई येऊन म्हणाला, बाई, मला खुर्च्या उचलायच्यात. मी त्याला म्हटलं की दोन मिनिटं थांब, मला हे जरा आत जाऊ दे. त्याला काहीच कळलं नसणार.

तरीही उभं राहायचं माझ्या मनात नव्हतं. ते आलं ऋचामुळे.

आमच्या टाउनहाउसच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीत तेव्हा पुण्या-मुंबईकडची सॉफ्टवेअरवाली कुटुंबं भराभर येत होती. त्यांतली सुनंदा ही पुण्याची. नवरा व्हिसावर आलेला, हिला नोकरी करायची परवानगी नव्हती, त्यामुळे तिचा सगळा उत्साह स्वयंपाकघरातून उतू जायचा. तिची मुलगी ऋचा, वय बारा. एका संध्याकाळी सुनंदा तिला घेऊन आली आणि म्हणाली की ताई, हिचा होमवर्क जरा बघा हो, मला काहीतरी गडबड वाटते. मी बघितला तर त्यात अपूर्णांकांच्या साध्या बेरजा होत्या. पुण्यात ऋचा हे चौथीत करून आली होती. मी तिला एक समीकरण सोडवायला दिलं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. मुलाला गणित येतं की नाही हे उत्तरावरून कळत नाही, खोडलेल्या ओळीवरून कळतं. ज्याला येत नाही ते मूल घाबरून सगळंच खोडतं. ज्याला येतं ते नेमकी चुकलेली ओळ खोडतं आणि तिथून पुढे चालू लागतं. ऋचाने एक ओळ खोडली, पेन्सिल तोंडात धरली आणि उत्तर काढलं. मी विचारलं, कंटाळा येतो का गं शाळेत? ती म्हणाली, "इट्स ओके, मावशी." ज्या आवाजात म्हणाली तो मला ठाऊक होता. वर्गात मागच्या बाकावर हळूहळू विझणाऱ्या मुलांचा तो आवाज असतो.

गावात नियम असा होता की बाहेरून आलेल्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घ्यायची, आणि त्या गटाप्रमाणे सगळ्या विषयांचा वर्ग ठरवायचा. कुणी दुष्टपणाने केलेला नियम नव्हता तो, टाइमटेबल बसवायला सोपं जात होतं इतकंच. पण त्याची किंमत मोठी होती. तिकडे आठवीत बीजगणित घेतलं नाही तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता येत नाही, आणि मग इंजिनियरिंगची दारं एकेक करून बंद होत जातात. बारा वर्षांच्या मुलीला ते कुणी सांगतही नाही. ऋचासारखी मुलं प्रत्येक वर्गात होती, चिनी, मेक्सिकन, अफगाण. मी बोर्डापुढे जाऊन माझी तीन मिनिटं बोलले. मिस्टर गॉर्डन अदबीने म्हणाले की मॅडम, या नियमाबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. पुढच्या नोव्हेंबरात त्यांचीच जागा निवडणुकीला होती. मी अर्ज भरला. शिक्षकाला आपल्या मालकाच्याच बोर्डावर बसता येत नाही, पण माझी नोकरी दुसऱ्या गावात, त्यामुळे ती अडचण नव्हती.

माझा प्रचार सांभाळायला डोरिस होती. शेजारीण, निवृत्त ग्रंथपाल, आवाज हळू आणि निश्चय लोखंडी. तिने मला मतदारसंघाचा नकाशा दिला. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आपल्या माणसांकडे निघाले. महिनाभर मी मराठी आणि गुजराती घरांत चहा प्यायले. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांनी हॉल दणाणला. जिथे जावं तिथे पोहे, आणि "काकू, यू आर विनिंग, टेन्शनच घेऊ नका". शेवटी डोरिसने विचारलं की यातली पक्की मतं किती. मी म्हटलं, सगळी. मग तिने तिच्या हळू आवाजात विचारलं, हे सगळे नागरिक आहेत ना?

मी त्याच संध्याकाळी फोन फिरवायला बसले. एकाचं ग्रीन कार्ड अडकलं होतं, दुसऱ्याचा व्हिसाच संपत आला होता, तिसरा म्हणाला, "अरे यार काकू, आपल्याला व्होट कुठे आहे, आपण तर मॉरल सपोर्ट." महिनाभराच्या चहातून माझी दोन मतं निघाली. त्यांतलं एक माझ्या नवऱ्याचं, कारण आम्ही दोघं आधीच नागरिक झालो होतो.

मग डोरिसच्या नकाशाप्रमाणे मी अनोळखी दारं वाजवायला लागले. रोज शाळा सुटल्यावर, शनिवार-रविवार दिवसभर. एका गृहस्थांनी मला अर्धा तास आपल्या कुत्र्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं आणि शेवटी म्हणाले की मी दुसऱ्या गावात राहतो, इथे भावाकडे आलोय. एका बाईंनी दार न उघडताच माझा अख्खा जाहीरनामा ऐकून घेतला आणि आतून दोन अवघड प्रश्न विचारले. पण बहुतेक ठिकाणी लोक दार उघडायचे, साडीतल्या परक्या बाईचं ऐकायचे आणि विचार करतो म्हणायचे. मला रोज नवल वाटायचं. नागपुरात आमच्या वस्तीत उमेदवार यायचा तेव्हा आम्ही हात जोडून उभे असायचो. इथे हात जोडून मी उभी होते, आणि समोरचा चप्पल घालून, कॉफीचा कप घेऊन मला तोलत होता. हेच बरोबर आहे, असं मला दर दारात वाटायचं.

सुनंदाला मात्र चैन पडेना. मत नाही म्हणून ती खट्टू झाली होती. त्या वर्षी दिवाळी आणि निवडणूक एका आठवड्याच्या अंतराने आली. ओळीतल्या बायकांनी मिळून तिच्याकडे फराळ केला, चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. कागदी प्लेटा भरून, वरून फॉइल लावून आजूबाजूच्या तीन-चार गल्ल्यांत अमेरिकन शेजाऱ्यांना वाटला. दर वर्षी वाटतच असत. या वर्षी सुनंदाने एक सुधारणा केली. प्रत्येक फॉइलवर तिने माझा फोटो असलेला प्रचाराचा कागद चिकटवला. मला सरप्राइज द्यायचं म्हणून सांगितलं नाही.

सरप्राइज मिळालं ते शाळेच्या कॅफेटेरियात, उमेदवारांच्या जाहीर सभेत. गॉर्डन आणि मी व्यासपीठावर, समोर गाव. बीजगणिताबद्दल मी बरं बोलले होते, लोक माना डोलवत होते. मग टोपी घातलेले एक उंच, सुकलेले गृहस्थ उठले. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, तुमची माणसं खायचे पदार्थ देऊन मतं मागतायत. माझ्या घरी येऊन गेली. तुमच्या देशात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आम्ही लाच म्हणतो."

 आमच्या देशात त्याला काय म्हणतात हे मला त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. मागच्या रांगेत सुनंदाने मान खाली घातली होती, त्यावरून काय झालं असेल ते मला कळलं. सुटका सोपी होती. हा माझा सण नाही, मी वेगळ्या धर्माची आहे, मला यातलं काही माहीत नव्हतं, ही तिन्ही वाक्यं खरी होती आणि तिन्ही जिभेवर आली होती. पण ती म्हटली असती तर त्या हॉलमध्ये दोषी म्हणून एकच बाई उरली असती, आणि तिला उभं राहून बोलायचं धैर्यही नव्हतं. मी म्हटलं, "हो, खरं आहे. पदार्थ आमच्या सणाचे आहेत, सणाला शेजाऱ्यांना देण्याची आमची रीत आहे. त्यावर माझा कागद असायला नको होता. ज्या ज्या घरी तो गेला, तिथे मी स्वतः येईन." दिवाळीला आमचा सण मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

डोरिसने दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी चकली म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि सांगितलं की मत देण्याच्या अटीवर दिली नसेल तर गुन्हा होत नाही. कायदा असा सुटला. बाबा काही मनातून सुटत नव्हते. मतदानाला चार दिवस राहिले होते, बाकीच्या गल्ल्या अजून फिरायच्या होत्या, आणि मी डोरिसला म्हटलं की मी फक्त फराळाच्या घरी जाणार. तिने मला वेड्यात काढलं, आणि मग गाडीची किल्ली उचलली.

प्रत्येक दारात मी एकच सांगत होते. फराळ सणाचा होता, तो तुमचाच. पण त्याचं तुमच्या मनावर तिळभर जरी ओझं असेल, तर कृपा करून मला मत देऊ नका. सुनंदा बरोबर यायची आणि माझ्या मागे उभी राहून "सॉरी" म्हणायची. एक वृद्ध बाई फार दुखावल्या. त्यांनी मला सुनावलं की त्यांचा नवरा युद्धावर होता तेव्हापासून त्या न चुकता मत देतात, आणि चार लाडवांनी ते हलेल असं मला वाटलंच कसं. दुसऱ्या घरी एका मेक्सिकन आजोबांनी आत बोलावलं. ते नुकतेच नागरिक झाले होते, हे त्यांचं पहिलं मतदान. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांची नमुन्याची मतपत्रिका उघडी होती. तिकडे ती घरी पोस्टाने येते, पुस्तकाएवढी जाड. त्यांनी पानोपानी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, न्यायाधीशांपासून पाण्याच्या मंडळापर्यंत. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. ते तसंच ठेवून त्यांनी मला कॉफी पाजली.

पुढचं दार उघडलं ते खुद्द गॉर्डन यांनी. सुनंदाला कोण कुठे राहतं याची कल्पना असायचं कारण नव्हतं. तिने माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी माझा फोटो लावून चकल्या पोचवल्या होत्या. मी माझं भाषण सुरू केलं, ते त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की लाडू बायकोने संपवले, आणि तुमचा फोटो मी फ्रिजवर लावलाय, रोज सकाळी बघतो म्हणजे प्रचाराला जोर येतो. सुनंदाला हसावं की रडावं कळेना.

शेवटचं घर त्या टोपीवाल्या गृहस्थांचं होतं. मला बघून ते आत गेले आणि प्लेट घेऊन आले. फॉइल जसंच्या तसं होतं. दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरून म्हणाले की यावर कागद होता म्हणून मी ती उघडलेली नाही, तुमच्याबद्दल राग नाही, पण हे मला ठेवून घेता येणार नाही.

 त्यांच्या अंगात पांढऱ्या सदऱ्याऐवजी चौकटीचा शर्ट होता, एवढाच फरक. सातासमुद्रापलीकडे, बाबांचं नावही न ऐकलेला एक माणूस माझ्यासमोर ब्लँकेट परत करत उभा होता. आणि या खेपेला ते मी दिलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. त्यांना बाबांची हकीकत सांगितली, दारातच, माझ्या नागपुरी इंग्रजीत. त्यांनी टोपी काढली. मग मी फॉइलवरचा कागद सोलून काढला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि प्लेट पुन्हा त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, आता हे नुसतं दिवाळीचं आहे. त्यांनी ती घेतली. मत कुणाला दिलं, ते मी कधी विचारलं नाही.

मतदान आमच्या गल्लीतल्या एका गॅरेजात होतं. हो, गॅरेजात. कॅलिफोर्नियात तेव्हा लोक आपापली गॅरेजं त्यासाठी द्यायचे. एका बाजूला कपडे धुवायचं यंत्र, वर टांगलेल्या सायकली, मधे दोन घडीची टेबलं आणि दोन आजीबाई. पोलीस नाही, दोर बांधलेले नाहीत, आरडाओरडा नाही. मी पांढरी साडी नेसून गेले होते. मतपत्रिकेवरचं माझं नाव मी दोनदा वाचलं. ज्या माणसाच्या दारात ब्लँकेट ठेवून जायचे, त्याच्या मुलीचं नाव तिथे छापलेलं होतं, धुण्याच्या यंत्राशेजारी. इतकी मोठी गोष्ट इतक्या साध्या जागी होऊ शकते, याने मी अगदी दबून गेले.

थोडक्यात पडलो असं म्हणायची उमेदवारांची पद्धत असते. मी बऱ्यापैकी पडले. शेवटच्या चार दिवसांत ज्या गल्ल्या राहिल्या त्या नडल्या असं डोरिस म्हणायची. नागपूरला फोन करून मी बाबांना सगळं सांगितलं, चकल्यांसकट.  मग बाबा म्हणाले, "घरोघरी जाऊन सांगून आली ना तू? मंग हारली कशी?"

पण ऋचाचं गणित होतं तिथेच होतं. ती आता घरी वहीसुद्धा उघडत नव्हती. हरल्याचं मला वाईट वाटलं ते खरं तिच्यासाठी. पुढे मी पुन्हा कधी उभी राहिले नाही, त्याची रुखरुख आजही आहे. त्या हिवाळ्यात तर मला वाटत होतं की संपलं, आता आपल्या हातात काही उरलं नाही. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता सुनंदाने विचारलं, "ताई, तुम्ही त्या मिटिंगमध्ये तीन मिनिटं बोललात ना, तिथे बोलायला सिटिझन लागतं का?"

 तिथे मला कुणी काही विचारल्याचं आठवेना. डोरिसला फोन केला तर ती म्हणाली की नाव सांगायचं आणि बोलायचं, बस, तेसुद्धा नाव सांगायचं नसेल तर नको. वर्षभर मी मतांच्या मागे धावत होते. ज्यांना मत नव्हतं त्यांना मी आपल्या हिशेबातूनच काढून टाकलं होतं, आणि त्या लायब्ररीचं दार त्यांना सताड उघडं होतं.

जानेवारीतल्या मिटिंगला लायब्ररीत खुर्च्या पुरल्या नाहीत. आमची ओळच्या ओळ आली होती. चिनी आजी होत्या, अफगाण वडील होते, ते मेक्सिकन आजोबाही नातवाला घेऊन आले होते. सुनंदाचा नंबर पहिला. तिने स्वेटरवरून मंगळसूत्र सारखं केलं, मायक्रोफोन खाली ओढला, आणि मी खुर्चीच्या कडेला सरकले, कारण तिचं इंग्रजी मला माहीत होतं. तिने तुकड्या-तुकड्याने जे सांगितलं ते असं होतं.

"मी सुनंदा. मला मत नाही. दिवाळीत मी तुम्हाला फराळ दिला, त्याबद्दल सॉरी म्हणणार नाही. कागद लावला, त्याबद्दल सॉरी. आता माझ्या मुलीचं. तिला इंग्लिश येत नाही, हे तुम्ही परीक्षा घेऊन ठरवलं. मॅथ्स येत नाही, हे परीक्षा न घेताच ठरवलं. ती हुशार आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. तिला मॅथ्सचा पेपर द्या. मग आपल्या दोघांनाही कळेल."

तिची तीन मिनिटं अर्धीही झाली नव्हती. ती तशीच उभी राहिली, कारण बोलून झाल्यावर काय करायचं असतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. गॉर्डन तिच्याकडे बघत होते. त्यांनी आणखी कुणाला बोलायचंय का विचारलं आणि आमची ओळ उठली. एकेक जण गेला. कुणी दोन वाक्यं बोललं, कुणी मुलाला दुभाषा केलं. एकालाही कुणी विचारलं नाही की तुमचे कागद कुठेत, तुम्ही कोण, तुमचं मत कुणाला. पाच माणसं टेबलामागे बसून ऐकत होती, आणि जे बोलत होते त्यांच्यातला जवळजवळ कुणीही त्यांना निवडून देऊ शकत नव्हता किंवा पाडूही शकत नव्हता. तरी ती ऐकत होती. मी बाबांच्या शिस्तीत वाढलेली, मतापेक्षा मोठं काही नसतं असं मानणारी. त्या संध्याकाळी मला मताच्याही आधीचं काहीतरी दिसलं.

ठराव गॉर्डन यांनी स्वतः मांडला. बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलाची गणिताची परीक्षा वेगळी घ्यायची, प्रश्न आकड्यांत, त्याच्या भाषेत समजावून. दंतवैद्याने टाइमटेबलाची अडचण काढली. गॉर्डन म्हणाले की टाइमटेबल आपण केलंय, आपणच बदलू. मग एकेकाचं नाव पुकारलं आणि प्रत्येकाने हो किंवा नाही म्हटलं. तीन हो झाले आणि नियम बदलला. माझ्या खुर्चीत गॉर्डन बसले होते, आणि मी त्यांच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.

सुनंदाला यातलं काही समजलं नव्हतं. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर तिने विचारलं की आता हे कागद वर कुणाकडे जाणार. मी म्हटलं की वर कुणी नाही, झालं, सोमवारी ऋचाचा पेपर आहे. ती गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. ऋचा मागच्या सीटवर बसून आमच्याकडे बघत होती.

"म्हणजे आपण बोललो, आणि झालं?"

"झालं."

"ताई, आणि हे दर वेळी करता येतं? कुणालाही?"

"कुणालाही."

सुनंदाने गाडीचं दार उघडलं. "मग पुढच्या वेळी शाळेच्या बसबद्दल बोलते. वळणावर फार जोरात नेतो तो."

"आई, नो," ऋचा आतून म्हणाली. "प्लीज."